सत्तावन्न कागदांनंतर

मंगळवारी सकाळी माझी पत्नी गेली. सोमवारी तिने कागदावर बैल काढला होता आणि कोपऱ्यात आकडा घातला होता, सत्तावन्न. शहाण्णव हवे होते.

आकड्यांचा खुलासा करायला हवा. ती कार्टून फिल्मसाठी चित्रं काढायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला तिच्या हिशेबाने बारा चित्रं लागत. लहान मुलांसाठी पोळ्यावर एक छोटी फिल्म तयार होत होती आणि हिने त्यातली काही दृश्यं करून दिली होती, शेवटचं, आठ सेकंदांचं तेवढं उरलं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा तूप-हळदीने चोळतात. आमच्याकडे त्याला खांद शेकणं म्हणतात. मग बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दृश्य तेवढंच होतं. एक हात येतो, खांदा चोळतो आणि निघून जातो. बैल उभा राहतो. हात पंचावन्नाव्या कागदावरच चित्राबाहेर गेला होता. पुढच्या सगळ्या कागदांवर बैलाने नुसतं उभं राहायचं होतं.

मी चित्रांतला माणूस नाही. आर्वीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पुस्तकाला कव्हर घालणं, फाटलेलं पान चिकटवणं, वाचकांनी पेन्सिलीने मारलेल्या खुणा खोडरबराने पुसणं, हे माझं काम. या शेवटच्या कामाबद्दल पुढे बोलायचं आहे.

ती वडनेरची, शेतकऱ्याच्या घरची. चित्रकलेचं शिक्षण घेऊन नागपूरला एका कार्टूनच्या वर्कशॉपमध्ये लागली. तिथे काचेखाली दिवा असलेली टेबलं होती. टेबलाच्या कडेला पिना आणि कागदांना भोकं. एक कागद पिनांमध्ये अडकवायचा, त्यावर दुसरा, आणि खालचं चित्र उजेडात बघत वरचं काढायचं. काही वर्षांनी तिथे कॉम्प्युटर आले आणि टेबलं भंगारात निघाली. त्यातलं एक तिने मागून घेतलं. ते टेबल एस.टी.च्या टपावरून आर्वीला आलं. पोरीच्या लग्नातलं आंदण असावं तसं तिने ते डेपोवर उतरवून घेतलं होतं, असं तिची बहीण अजून सांगते.

तिचं कॉम्प्युटरशी भांडण नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण तेरवीला आलेल्या दोघा-तिघांनी तसंच बोलून दाखवलं. 'त्यांना जुन्याची फार आवड होती,' असं. तिने कॉम्प्युटर माझ्या आधी शिकला. घरबसल्या पुण्या-मुंबईची कामं केली. पाटीसारख्या यंत्रावर पेन फिरवून ती तासन्‌तास काढत बसायची. तिची तक्रार वेगळीच होती. टीव्हीवर नवी कार्टून लागली की ती म्हणायची, "सगळं घासून-पुसून ठेवलेल्या स्टीलच्या डब्यावाणी चमकून राह्यलं. कोणाच्या अंगाले एक ओरखडा नाई."

मग वारं फिरलं. कॉम्प्युटरवरच्या चित्रांना हाताने काढल्याचं रूप हवं, अशी मागणी यायला लागली. पुण्याच्या स्टुडिओतल्या मुलीने फोनवर तसं सांगितलं. ही मुलगी या फिल्मचं काम बघायची. वय पंचविशीचं असेल, बोलणं नम्र. "मॅम, आम्हाला हाताचा फील हवा आहे."

फोन ठेवल्यावर ही किती तरी वेळ हसत होती. "आधी हात काढून घेतले. आता म्हन्ते हाताचा फील पायजे."

पण काम घेतलं. बैलाचं आहे म्हणून घेतलं असावं. काम सुरू झालं आणि चार महिन्यांत तिचा आजार कळला. यंत्रावरचं गुळगुळीत पेन बोटांतून निसटायला लागलं, पेन्सिल मात्र धरवत होती, तेव्हा तिने जुनं टेबल काढायला लावलं. मी ते पुसलं, दिवा बदलला, पलंगाशेजारी लावलं. ती उशीला टेकून, पायांवर फळी घेऊन आधी कच्चं काढायची आणि मग दिव्याच्या काचेवर पक्कं.

पहिला वाद तेव्हाच झाला. पुण्याच्या मुलीने सुचवलं, "मॅम, शेवटी बैल नुसता उभाच आहे ना. मग एकच ड्रॉइंग होल्ड करू या. तुमचा त्रास वाचेल. कुणाला कळणार पण नाही."

तिचा आवाज तोवर बारीक झाला होता. तरी स्पीकरवर स्पष्ट ऐकू गेलं.

"बैल उभा हाये बाई, मेला नाई."

पलीकडे मुलगी हसली. "मॅम, हे मी माझ्या डेस्कवर लिहून ठेवते."

"लिहून ठेव. अन् तसं करजो बी."

मला त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता. उभा तो उभाच, त्याला पुन्हा पुन्हा काय काढायचं? मी तिला तसं विचारलं. तिने पाच कागद उचलले, बोटांच्या फटींत अडकवले आणि मागेपुढे उलटवून दाखवले. पाचही कागदांवर तोच बैल, त्याच जागी, तसाच उभा. पण माणसाच्या हाताने काढलेली रेघ दुसऱ्यांदा नेमकी त्याच जागी पडत नाही. केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे. त्या एवढ्याशा फरकाने बैलाचं पोट वरखाली होत होतं. तो श्वास घेत होता. बत्तीस वर्षं मी या बाईसोबत राहिलो होतो आणि ती काय करते हे मला त्या दुपारी कळलं.

"आता एकच चित्र ठेवून पाहा," असं म्हणून तिने एक कागद समोर धरला. बैल थांबला.

आता माझी चूक सांगतो.

कागद स्कॅन करून पुण्याला पाठवायचं काम माझ्याकडे होतं. मी प्रत्येक कागद नीट बघायचो. पहिल्याच सहा कागदांवर, बैलाच्या मानेच्या मागे, खांद्यावर, मला काळपट डाग दिसला. रेघ तिथे उगाच वर उचललेली आणि आत पेन्सिल घासलेली. मला वाटलं, तिचा हात टेकला असेल, शिसं पसरलं असेल. तिला झोप लागली होती. मी खोडरबर घेतला आणि सहाही कागदांवरचा डाग पुसला, वर उचललेली रेघ पुसून पेन्सिलीने सरळ जोडली. इतकं सफाईने की खाली काही होतं असं कळूही नये. यात माझा हातखंडा होता.

जागी झाल्यावर तिने कागद मागितले. चाळले. मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही याचा खांदा पुसला?"

"डाग होता तिथे."

"डाग नव्हता तो. गाठ होती. जू बसते तिथची."

मी तिच्या माहेरी इतके पोळे पाहिले होते. सासरे गोठ्यात बैलाचा खांदा चोळत आणि मी ओसरीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचो. माझे वडील पोस्टात होते, आमच्या घरी कधी बैल नव्हता. खांदा चोळतात हे मला माहीत होतं. का चोळतात हे मी कधी विचारलं नव्हतं. वर्षभर जू घासून घासून तिथे चामडीची गाठ होते. तूप-हळद त्या गाठीला लावायची असते. हे सगळं दृश्य त्या गाठीसाठी होतं आणि मी तीच पुसली होती.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "राहू द्या," म्हणाली आणि नवा कागद मागितला. ते सहा कागद तिने पुन्हा काढले. त्याला तिला चार दिवस लागले. तेव्हा तिच्यापाशी किती दिवस आहेत हे आम्हा दोघांना साधारण माहीत होतं. मी ते सहा कागद पुसले नसते तर सोमवारी कोपऱ्यातला आकडा त्रेसष्ट असता. मी यावर खूप विचार केला आहे आणि त्याला दुसरं कोणतंही उत्तर नाही.

तेरवी झाल्यावर पुण्याचा फोन आला. मुलगी रडली. मनापासून रडली, मला ते जाणवलं. मग तिने कामाचं विचारलं.

"काका, मॅमचा शॉट आम्ही पूर्ण करतो. आमच्या सिस्टीमने त्यांची लाइन शिकून घेतली आहे. पहिले तीस पेपर तुम्ही पाठवले होते ना, त्यावरून. बाकीचे पाठवा आणि एक परवानगीचा फॉर्म पाठवते, त्यावर सही लागेल. वारस म्हणून."

"शिकून घेतली म्हणजे?"

"म्हणजे तशीच काढते. सेम टू सेम. मी तुम्हाला टेस्ट पाठवते."

तिने तीन सेकंदांचं दृश्य पाठवलं. मी ते जेवणाच्या टेबलावर बसून पाहिलं. खोटं कशाला बोलू, ते चांगलं होतं. तोच बैल. तेच शिंग, टोकाला किंचित आत वळलेलं. रेघ हलत होती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भडभडून आलं आणि मी मोबाइल उलटा ठेवला.

दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी खांदा शोधला. तो नव्हता. म्हणजे होता, पण गुळगुळीत होता. यंत्राने नेमकी माझीच चूक केली होती.

मी फोन लावला. "खांद्यावरची गाठ कुठे गेली?"

"कुठली गाठ? अच्छा, ते! क्लीनअपमध्ये गेलं असेल काका, सिस्टीमला ती घाण वाटली. काही प्रॉब्लेम नाही, घालता येईल. एकदा काढली की सगळ्या फ्रेमवर आपोआप बसेल."

"एकदाच काढायची?"

"हो ना. तोच तर फायदा आहे."

मी फार पटकन बोलणारा माणूस नाही. आयुष्यभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसलो आहे.

"नको," मी म्हणालो. "सही करणार नाही. कागदही पाठवणार नाही."

"काका, पण मग शॉट अर्धा राहील."

"राहणार नाही. उरलेली चित्रं मी काढतो."

"तुम्ही?"

"मी."

"काका... तुम्हाला ड्रॉइंग येतं?"

"नाही."

ती पुन्हा म्हणाली, "काका," पण या वेळी नुसतंच. मग म्हणाली की ती सरांशी बोलून बघेल.

मी दिव्याच्या टेबलावर बसलो. सत्तावन्नावा कागद पिनांमध्ये अडकवला, त्यावर कोरा ठेवला आणि खालच्या रेघेवरून जपून पेन्सिल नेली. अकरा कागद असे काढले. बोटांत धरून उलटवून पाहिले. बैल थांबला होता. इतका जपून काढला होता की मारूनच टाकला होता. मी ते अकराही फाडले.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली, वडनेरची. ती तिथेच राहते, नवऱ्यासोबत शेती करते. तिने टोपलीतले कपटे पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

"भाऊजी, हे काय मांडलं?"

मी सांगितलं.

"तुम्ही बैल काहाडून राह्यले? तुमाले गाय अन् बैल ओळखू येते का?"

"येते."

"बैलाले हात लावला हाये कधी?"

मी टोपलीतले कपटे खाली दाबत बसलो.

"मंग चाला," ती म्हणाली. "आधी हात लावा, मंग काहाडा."

तिच्याकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. शेजाऱ्याकडे जोडी आहे. गोठ्यात नेऊन तिने मला तांबड्या बैलापाशी उभं केलं. "घाबरू नका, तो तुमच्याहून गरीब हाये." मी हात पुढे केला. ती गाठ टाचेच्या कातडीसारखी लागली, कडक, मध्ये किंचित चिरलेली. मी हात ठेवताच बैलाने तेवढीच चामडी थरथरवली, माशी बसल्यावर थरथरवतात तशी. बाकी अंग हललं नाही. मी हात काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा तसंच. मला ती थरथर वेगळी वाटली, पहिलीहून थोडी कमी. बैलाचा मालक चारा टाकता टाकता म्हणाला, "सर, नवीन हात हाये ना, म्हून. दोन दिवस येजा, मंग नाई थरथरनार."

मी दोन दिवस नाही, आठ दिवस गेलो. आर्वीहून वडनेरला जायचं म्हणजे एस.टी. बदलत जावं लागतं, अर्धा दिवस जातो. निवृत्त माणसाकडे तेवढं असतं. घरी आल्यावर चित्र काढायचो. खालची रेघ गिरवायची नाही, ती फक्त बघायची आणि आपली रेघ एका दमात ओढायची, हे मला कुणी शिकवलं नाही. टेबलासमोर बसून बसून ते कळलं. रेघ चुकायची. चुकलेली मी ठेवली. खोडरबर मी घरातून काढून टाकला होता.

एक कागद काढायला मला एक दिवस लागायचा, कधी दोन. लोक येत, बघत, जात. एका जुन्या सहकाऱ्याने चहा पिता पिता समजावलं, "आता हे सगळं मशीन दोन मिनिटांत करतं. तुम्ही शहाणे आहात. जगाच्या उलट का पोहायचं?" मी त्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "छान आहे." त्यांनी कागद नीट पाहिलाही नव्हता. मी कुणाच्या उलट पोहत नव्हतो. माझ्या बायकोचा बैल उभा होता आणि त्याला तीन सेकंद जिवंत ठेवायचं होतं. यंत्र ते करू शकत असेल. मला ते यंत्राकडून नको होतं. याला हट्ट म्हणतात हे मला माहीत आहे. हट्टच आहे.

एकोणचाळिसावा कागद पोळ्याच्या आधी झाला. मी सगळे स्कॅन केले. लायब्ररीत माझ्यासोबत असलेल्या लिपिकाने ते एकापाठोपाठ लावून दिले. खांद शेकायच्या संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन वडनेरला गेलो आणि मेहुणीला दाखवलं. हात आला. खांदा चोळला. गेला. बैल उभा राहिला. सत्तावन्नाच्या पुढे रेघ एकदम जाड झाली, बैलाचं एक शिंग वाकडं झालं आणि तो जरासा डुलायला लागला.

मेहुणी तोंडाला पदर लावून बघत होती. मग पदर काढला.

"भाऊजी, तुमचा बैल लंगडून राह्यला."

"उभा आहे तो. उभा बैल लंगडेल कसा?"

"उभ्या उभ्या लंगडून राह्यला, म्या काय करू!" ती हसायला लागली आणि मीही हसलो. किती महिन्यांनी हसलो ते आठवत नाही. "अजून एक डाव लावा." मी लावलं. या वेळी ती वाकून अगदी जवळून बघत होती.

"पन खांदा बरोबर हाये," ती म्हणाली. आणि तूप-हळदीची वाटी घेऊन शेजारच्या गोठ्याकडे गेली.

मी ते आठ सेकंदांचं दृश्य पुण्याला पाठवलं. दोन दिवसांनी मुलीचा फोन आला.

"काका, मी पाहिलं. खरं सांगू? मला आवडलं. पण सर म्हणतात, जोड दिसतो. मॅमचं कुठे संपतं आणि तुमचं कुठे सुरू होतं ते कळतं."

"कळू द्या."

"तसं चालत नाही ना, काका."

"मग नका घेऊ."

त्यांनी घेतलं नाही. त्यांनी शेवटचं दृश्य नव्याने, स्वतःचा बैल करून बनवलं. फिल्म आली. मुलांना आवडते म्हणतात, आणि आवडली तर चांगलंच आहे. मी ती एकदा पाहिली. शेवटी बैल उभा राहतो आणि त्याची रेघ हलते, कारण हाताचा फील हवा होता. मी मोजलं. तीनच चित्रं आहेत, तीच फिरून फिरून येतात. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. खांदा गुळगुळीत आहे. नावांच्या यादीत तिचं नाव आहे. ते काढा असं मी कळवलं नाही, कारण आधीच्या दृश्यांत तिचं काम आहे.

परवानगीचा फॉर्म मी अजून टाकून दिलेला नाही. सहीच्या जागी 'नाही' असं लिहिलं आहे. फोन पुन्हा येतील, कदाचित दुसऱ्या कुणाचे. उत्तर तेच राहील.

दिव्याचं टेबल खिडकीशी आहे. कपाटात शहाण्णव कागद आहेत, क्रमाने. सत्तावन्न तिचे, एकोणचाळीस माझे. प्रत्येकावर खांदा आहे.